फळ्यासमोर कोण उभे आहे?

गेल्या पौर्णिमेला मोडनिंबच्या आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना आटोपली. चहा घेऊन मंडळी पांगली. आम्ही सतरंज्या गोळा करीत होतो, तेवढ्यात वस्तीतली एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. मुलगी म्हणायचे ते सवयीने, आता ती एकतीस वर्षांची आहे. अर्थशास्त्रात एम. ए. झाली, तिसऱ्या प्रयत्नात सेट उत्तीर्ण झाली आणि गेली पाच वर्षे दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते आहे. सकाळी एस. टी.ने एका गावाला, दुपारी दुसऱ्या गावाला. ती म्हणाली, "काका, तलाठी भरतीचा फॉर्म निघाला की भरू का? प्राध्यापकीची वाट बघण्यात वय चाललंय."

आम्ही काही बोलण्याआधी तिची आईच बोलली. "भरू द्या की भाऊ तिला. एवढं शिकून काय मिळवलं, ते तरी सांगा. शेजारची पोरगी दहावीवर अंगणवाडीत लागली, तिचा पगार दर महिन्याला येतोय. आमच्या बाईसाहेबांचा कधी दिवाळीला, कधी शिमग्याला."

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही त्या माउलीला त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. "आठ दिवसांनी बोलू," एवढेच म्हणालो. त्या आठ दिवसांत कागद-पेन घेऊन जो हिशेब मांडला आणि जो विचार केला, तो आपल्यापुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न त्या एका मुलीच्या पगाराचा नाही. आपल्या वस्त्यांतली मुले-मुली ज्या महाविद्यालयांत जातात, तिथे त्यांना शिकवणार कोण, हा प्रश्न आहे.

आमचा एक न शिकवलेला विषय

आधी आमचे स्वतःचे सांगतो. आम्ही बी. कॉम. झालो तेव्हा सोलापूर जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होता. सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झाले आणि २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. आम्ही ज्या महाविद्यालयात होतो, तिथे एका वर्षी कॉस्ट अकाउंटिंग शिकवायला प्राध्यापकच नव्हते. जुने सर निवृत्त झाले होते, नवे आले नव्हते. वेळापत्रकात तास होता, वर्गाला कुलूप होते. आम्ही पोरे व्हरांड्यात बसून गप्पा मारीत असू आणि तास मोकळा मिळाला म्हणून खुशही होत असू.

परीक्षेआधी गाइड आणले, उत्तरे पाठ केली आणि पास झालो. घरी पेढे वाटले. पण पुढे एका मित्राने "चल, आयसीडब्ल्यूएला बसू" म्हटले तेव्हा पहिल्या प्रकरणातच अडलो. ज्यांच्या घरी वडील, काका, मामा शिकलेले होते, त्यांनी तो विषय घरी किंवा शिकवणीला जाऊन भरून काढला. आमच्या वडिलांना सही करता येत होती, एवढेच. आमचे जे राहिले ते राहिलेच. आज आम्ही एका कचेरीत कारकुनी करतो. कारकुनीची आम्हाला लाज नाही, याच पगारावर दोन भाऊ शिकले. पण त्या कुलूपबंद वर्गाची किंमत आम्ही गेली वीस वर्षे भरतो आहोत, हे आता कळते.

सांगायचा मुद्दा असा, की प्राध्यापकाची जागा रिकामी राहते तेव्हा नुकसान सगळ्यांचे सारखे होत नाही. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाखेरीज दुसरा आधार नसतो. त्याचा वर्ग बंद राहिला तर त्याचे शिक्षणच बंद राहते. हातात पदवी पडते, म्हणून ते दिसत नाही एवढेच.

बाबासाहेबांनी आधी काय पाहिले?

आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. ते स्वतः प्राध्यापक होते, हे मात्र जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या काही सहकाऱ्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी घेण्याला हरकत घेतली. तरी वर्गात त्यांचे व्याख्यान ऐकायला दुसऱ्या महाविद्यालयांचे विद्यार्थी येऊन बसत. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. फळ्यासमोर उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

आपल्या सोलापूरशीही त्यांच्या शैक्षणिक कार्याचा जुना संबंध आहे. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपले वसतिगृह सुरू केले ते सोलापुरात. हायस्कूलच्या मुलांना राहण्या-जेवण्याची सोय व्हावी, हा हेतू. शंभर वर्षांपूर्वीचा पहिला प्रश्न असा होता, की मुलाने शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय.

पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. त्याच १९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीला त्यांनी लेखी निवेदन दिले. शिकवणे आणि संशोधन यांची फारकत करू नये, पदवीचे वर्ग आणि त्यावरचे वर्ग वेगळे तोडू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. चांगल्या विद्वानाने लहान वर्गालाही शिकवले पाहिजे आणि शिकवणाऱ्याला अभ्यासाला सवड मिळाली पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ आम्ही घेतो.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. सुरुवात लष्कराच्या जुन्या बराकींत झाली. म्हणजे इमारत नव्हती. पण प्राचार्य कोण? एल्फिन्स्टन महाविद्यालयात नावाजलेले संस्कृतचे विद्वान ए. बी. गजेंद्रगडकर. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय काढले आणि जे पुढे मिलिंद म्हणून गाजले, त्याची धुरा म. भि. चिटणीस यांनी सांभाळली. बाबासाहेबांनी माणूस निवडताना जात पाहिली नाही, विद्वत्ता आणि विद्यार्थ्यांविषयीची कळकळ पाहिली. त्या नागसेनवनातून गंगाधर पानतावण्यांसारखे विद्यार्थी निघाले, तेच पुढे मिलिंदमध्ये प्राध्यापक झाले आणि त्यांनी 'अस्मितादर्श'मधून लेखकांची एक पिढी उभी केली. चांगला शिक्षक भेटला की विद्यार्थी शिक्षक होतो आणि तो पुढची फळी घडवतो. ही साखळी आज कुठे तुटते आहे, ते पाहू.

जागा रिकाम्या कशा राहतात?

अनुदानित महाविद्यालयातला एक प्राध्यापक निवृत्त झाला असे समजा. त्याची जागा आपोआप भरली जात नाही. आधी विद्यार्थीसंख्येवरून आणि तासांवरून कार्यभार काढायचा. मग बिंदुनामावली तपासून घ्यायची, म्हणजे ही जागा खुली की राखीव आणि कोणत्या प्रवर्गाची, हे ठरवायचे. मग उच्च शिक्षण विभागाचे ना-हरकत पत्र मिळवायचे, जाहिरात द्यायची, विद्यापीठाच्या प्रतिनिधीसह निवड समिती बसवायची, मुलाखती घ्यायच्या आणि शेवटी विद्यापीठाची मान्यता आणायची. यातली एक पायरी अडली की वर्ष गेले. कचेरीत काम करीत असल्यामुळे एका फाइलला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात, हे आम्ही इतरांपेक्षा जास्त जाणतो.

त्यात वरूनच भरती बंद झाली तर बोलायलाच नको. मे २०१७ मध्ये राज्यात प्राध्यापक भरतीवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली. आता बी. कॉम.चा हिशेब करा. ३५८० म्हणजे ४० टक्के, तर शंभर टक्के किती? सुमारे ८९५०. म्हणजे जवळपास नऊ हजार जागा रिकाम्या होत्या आणि साठ टक्के जागा रिकाम्याच ठेवायचे ठरले होते. ती भरती पुरी होण्याआधी २०२० साली कोरोना आला आणि पुन्हा बंदी आली. नोव्हेंबर २०२१ मध्ये २०८८ जागांना मंजुरी मिळाली. मधल्या काळात निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. घागरीला भोक पडलेले असताना वाटीने पाणी ओतल्यासारखे हे झाले.

मग वर्ग चालतात कसे? त्यासाठी तासिका तत्त्व, ज्याला आपली मुले सीएचबी म्हणतात. जितके तास शिकवाल तितक्या तासांचे मानधन. ही सोय मुळात तात्पुरती होती. एखादे सर रजेवर गेले, एखादा जादा वर्ग निघाला, तर तेवढ्यापुरती. आज ती कायमची होऊन बसली आहे.

एका कागदावरचा हिशेब

त्या मुलीला आम्ही घरी बोलावले आणि तिच्यासमोर हिशेब मांडला. २०१८ साली पदवीच्या वर्गाला एका तासाचे ५०० रुपये ठरले होते. २०२२ साली तो दर ९०० रुपये झाला. वाढ चांगली झाली, ते मान्य केले पाहिजे. आठवड्याला नऊ तास मिळाले असे धरा. महिन्याचे छत्तीस तास, म्हणजे ३२,४०० रुपये. ऐकायला बरे वाटते.

पण वर्षात शिकवण्याचे आठवडे साधारण तीस. नऊ गुणिले तीस, दोनशे सत्तर तास. त्याचे २,४३,००० रुपये. बाराने भागा. महिन्याला २०,२५० रुपये पडले. त्यातून एस. टी.चा खर्च वजा करा. उन्हाळ्यात काही नाही, दिवाळीच्या सुटीत काही नाही, बाळंतपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. पेपर तपासणी, उपस्थितीपत्रके, कार्यक्रमांचे अहवाल, मूल्यांकन समितीसाठी फाइली तयार करणे, ही कामे त्या तासांत मोजली जात नाहीत. आणि मानधन महिन्याच्या एक तारखेला येत नाही. तीन-चार महिन्यांचे एकदम येते, तोवर उसनवारी.

शेजारच्या वर्गात शिकवणारे कायम सहायक प्राध्यापक घ्या. सातव्या वेतन आयोगानुसार त्यांचे सुरुवातीचे मूळ वेतनच ५७,७०० रुपये. महागाई भत्ता, घरभाडे वेगळे. त्यांना आठवड्याला सोळा तास शिकवावे लागते, हिचे नऊच, हे खरे. म्हणून तासाची तासाशी तुलना केली. सोळा तास गुणिले तीस आठवडे, चारशे ऐंशी तास. ९०० रुपयांनी झाले ४,३२,०००. आणि मूळ वेतनाचे बारा महिन्यांचे होतात ६,९२,४००. पात्रता तीच, पुस्तक तेच, वर्गही तोच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी मार्गदर्शक रक्कम ठरवली होती. ९०० रुपयांचा दर त्याच्याही खालचा.

कायम प्राध्यापकांचा आम्हाला मत्सर नाही. त्यांना मिळते ते रास्तच आहे, आणि शिकवणाऱ्याला तेवढे मिळालेच पाहिजे. तासिकेवर शिकवणारे कमी दर्जाचे आहेत, असेही कोणी समजू नये. आमच्या वस्तीतल्या पोरांना विचारा, मन लावून शिकवणारे कोण? पुष्कळदा याच तरुणांची नावे निघतात. पण दर्जा म्हणजे काय, याचा विचार करा. तास संपल्यावर "मॅडम, हे कळलं नाही" म्हणून विद्यार्थी मागे थांबतो, तेव्हा मॅडमलाही थांबता आले पाहिजे. तिची एस. टी. दहा मिनिटांनी असेल आणि दुसऱ्या गावी दोन वाजता वर्ग असेल, तर ती थांबणार कशी? ग्रंथालयात बसून नवे वाचायचे कधी? पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसेल, तर एखाद्या मुलीला तीन वर्षे हाताशी धरून घडवायचे कोणी?

त्या मुलीने आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती लिहिताना जीव जड होतो. तिच्या वर्गात आपल्याच समाजाची एक हुशार विद्यार्थिनी आहे. ती म्हणाली, "मॅडम, मलाही तुमच्यासारखं व्हायचंय." मॅडम गप्प बसल्या. घरी येऊन रडल्या.

संशोधनाची वाटही इथेच अडते

पीएच. डी.साठी मार्गदर्शक लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार मार्गदर्शक नियमित, पूर्णवेळ अध्यापकच असावा लागतो. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. म्हणजे पात्रता असूनही ज्या जागेवर तासिकेचा माणूस आहे, तिथे चार संशोधकांची वाट बंद. आपल्या मुला-मुलींना "गाइड मिळत नाही" म्हणून दोन-दोन वर्षे हिंडावे लागते, त्यामागे हेही एक कारण आहे.

गाइड मिळाला तर पोटाचे काय? पुण्याच्या बार्टीमार्फत अनुसूचित जातीच्या संशोधकांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची अधिछात्रवृत्ती मिळते, आणि तिच्यामुळे अनेक घरांत पहिला डॉक्टर झाला. पण २०२३ साली ८६१ संशोधकांना ती सरसकट मिळावी म्हणून मुंबईच्या आझाद मैदानात महिनोन्महिने बसावे लागले, हेही आपण पाहिले. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे त्यांनी मैदानात बसायचे, अशी ही व्यवस्था.

बिंदुनामावली सर्वांनी समजून घ्यावी

राखीव जागा कागदावर असते, पण ती प्रत्यक्ष येते की नाही, हे बिंदुनामावलीवर ठरते. एक उदाहरण देतो. केंद्रीय नामावलीत अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा आणि अनुसूचित जमातीचा चौदावा. एखाद्या विभागात तीनच जागा असतील आणि प्रत्येक विभाग वेगळा मोजला, तर सातवा बिंदू कधी येणार? पिढ्या जातील. पण सगळी संस्था एक धरून मोजली, तर सातवी जागा लगेच येते. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभागवार मोजणीच्या बाजूने निर्णय दिला आणि मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसा आदेश काढला. देशभर विद्यार्थी, प्राध्यापक रस्त्यावर उतरले. अखेर मार्च २०१९ मध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला आणि त्याच वर्षी कायदा झाला. केंद्रीय संस्थांत आता सगळी संस्था एक घटक धरली जाते.

लोक जागे राहिले म्हणून एवढे तरी झाले. पण देशाचे चित्र अजून काय सांगते? २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीत देशात सुमारे १५ लाख ९८ हजार अध्यापक होते. त्यांत अनुसूचित जातीचे ९.१ टक्के आणि अनुसूचित जमातीचे २.५ टक्के. २०११ च्या जनगणनेत देशातली अनुसूचित जातींची लोकसंख्या १६.६ टक्के होती. वर्गातल्या बाकावर आपण पोहोचलो, फळ्यापर्यंत अजून पोहोचायचे आहे. आणि जागाच भरल्या नाहीत, तर राखीव जागाही भरली जात नाही. रिकाम्या खुर्चीला आरक्षण लागत नाही.

मग आपण काय करायचे?

नुसते सरकारला दोष देऊन भागणार नाही. तो तर द्यावाच लागेल. पण आपल्या हातात जे आहे ते आपण किती केले? आम्ही स्वतः जयंती मंडळात पंधरा वर्षे आहोत. मिरवणुकीचा खर्च आम्ही पै-पैने लिहिला आहे. पण आपली मुले ज्या महाविद्यालयात शिकतात, तिथे किती प्राध्यापक आहेत, हे आम्ही एकदाही विचारायला गेलो नाही. हा दोष आमचा आहे.

पहिली गोष्ट पालकांसाठी, विशेषतः आयांसाठी. मुलीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फी विचारता, बस विचारता. त्याबरोबर हेही विचारा: या विषयाला मंजूर प्राध्यापक किती, कायम किती, तासिकेवर किती? विचारायला शिकलेलेच असावे लागते असे नाही. आई विचारते तेव्हा समोरच्याला उत्तर द्यावेच लागते.

दुसरी गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. अनुदानित महाविद्यालय शासनाच्या पैशावर चालते, त्याला २००५ चा कायदा लागू आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. मागायचे काय? मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे व ती कधीपासून रिक्त आहेत, आणि शेवटची तपासलेली बिंदुनामावली. भाषा सभ्य ठेवा. पुष्कळदा प्राचार्यांनाही ही पदे भरून हवी असतात, आपल्या अर्जाने त्यांच्या फाइलला बळच येते.

तिसरी गोष्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते. तीत स्थानिक चार सदस्य घेतले जातात, त्यांत निदान एक माजी विद्यार्थी असतो. हे सदस्य कोण आहेत, बैठका होतात का, रिक्त पदांचा विषय निघतो का, याची चौकशी करा. आपल्यातले जे माजी विद्यार्थी आज शिक्षक, वकील, अधिकारी आहेत, त्यांनी तिथे नाव सुचवून घ्यावे.

चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्याच कायद्याने विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा प्रतिनिधी निवडून जातात आणि त्यांतल्या पाच जागा राखीव आहेत. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी विद्यापीठाच्या कायद्यावर बोलताना मागासवर्गीयांना विद्यापीठाच्या कारभारात प्रतिनिधित्व मागितले होते. आज ते कायद्यात आहे. पण मतदार यादीत नाव कोणाचे असते? ज्याने अर्ज भरला त्याचे. पदवी घेतली म्हणून नाव आपोआप लागत नाही. आमच्या वस्तीत घरोघरी विचारले, तेवीस पदवीधर निघाले. नोंदणी एकाचीही नाही. त्या तेविसांत आम्हीही आलो. पुढची नोंदणी सुरू होईल तेव्हा मोडनिंबच्या विहारात आम्ही टेबल टाकून बसणार आहोत. पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि फोटो घेऊन यावे. ज्यांची पदवी आमच्यासारखी जुन्या विद्यापीठाची आहे, त्यांच्यासाठीचा नियम आम्ही विद्यापीठात विचारून ठेवू.

पुन्हा त्या मुलीकडे

आठ दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. हिशेबाचा कागद तिच्या आईला वाचून दाखवला. माउलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे पोरीचं चुकलं नाही म्हणा की." आम्ही म्हटले, "नाही वहिनी, पोरीचं काही चुकलं नाही." एवढे ऐकूनच तिचा चेहरा बदलला. पाच वर्षे त्या घरात सगळ्यांना वाटत होते की मुलगीच कुठेतरी कमी पडली.

मुलीला आम्ही सांगितले, तलाठ्याचा फॉर्म भर. पोट आधी. नोकरी लागली तर घे, त्यात कमीपणा नाही. पण सेटचे प्रमाणपत्र जपून ठेव, प्राध्यापकाच्या जागेची जाहिरात निघेल तिथे अर्ज करीत राहा, आणि शनिवारी-रविवारी संध्याकाळी विहारात आपल्या बारावी-बी. ए.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकव. विहारातला जुना फळा रंगवून देण्याचे काम आमच्याकडे. ती हसली. म्हणाली, "काका, खडू पण आणा." मागच्या शनिवारी वर्ग सुरू झाला. अकरा मुले होती, त्यांत सात मुली. तास संपल्यावर तिघी मागे थांबल्या आणि मॅडमही थांबल्या. एस. टी. पकडायची नव्हती.

विहारातला हा वर्ग महाविद्यालयाची जागा घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. विहारातला फळा आम्ही रंगवू. महाविद्यालयातल्या फळ्यासमोर पूर्ण पगाराचा, कायम नेमणुकीचा शिक्षक उभा करणे हे शासनाचे काम आहे. ते होते की नाही हे विचारीत राहणे आपले. येत्या जूनमध्ये आपली मुलगी महाविद्यालयात पाठवाल तेव्हा तिला पहिल्या आठवड्यात एवढेच विचारा: बाळ, कोणकोणत्या विषयाला शिकवायला कोण आहे? जिथे ती "अजून कोणी नाही" म्हणेल, तो विषय वहीत लिहून ठेवा आणि आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडा.

जयभीम.